हरकती व सूचना

तीस दिवसांची मुदत होती.
पहिले नऊ दिवस कोणीच फिरकलं नाही,
मला वाटलं, झालं, बदललं नाव.
आवक टेबलाला मी, शिक्का, शाईचं पॅड
आणि वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करणारा पंखा.

दहाव्या दिवशी नूरखाँ पंक्चरवाला आला.
कागद ट्यूबच्या काळ्या बोटांनी धरलेला,
त्यामुळे सहीच्या आधीच कडेला पाच ठसे.
मजकूर एवढाच:
'दुकानाची पाटी दोनदा रंगवली,
तिसऱ्यांदा रंगवणार नाही.
बहात्तर रोड म्हटलं की
रात्री-बेरात्री टायर फुटलेला माणूस मला शोधून काढतो.'

मग रीघच लागली.

कागदोपत्री तो राज्य मार्ग, तीन आकडी नंबरचा,
तो मलाही पाठ नाही.
जिंतुरात कुणालाही विचारा, बहात्तर रोड.
दुष्काळात लोकांनी खडी फोडून केलेला.
ते नाव कोणी दिलं नाही, ते पडलं,
धुरळा पडतो तसं, आणि बसलं.

मुंजाजी पुंडगे मुकादम काठी टेकत आले.
पिशवीत हजेरीचं मस्टर, एका बाजूनं वाळवीनं खाल्लेलं.
'जोडपत्र म्हणून लावता येईल का?'
मी म्हणालो, झेरॉक्स आणा.
झेरॉक्सवाल्यानं पैसे घेतले नाहीत.
पानभर नुसते अंगठे,
काही इतके पुसट की रेषा राहिल्या नव्हत्या.
खडीनं गेल्या असतील,
का शाई पातळ होती, देव जाणे.

ज्यांचं नाव द्यायचं ते गुरुजी भले होते.
याबाबत एकाही अर्जात दुमत नाही.
सव्विसाव्या दिवशी त्यांच्या लेकीचाच अर्ज आला,
इंदुमतीबाईंचा, वळणदार अक्षरात:
'बाबांना गाडी लागायची.
या सडकेनं ते जन्मात दोनदा गेले
आणि दोन्ही वेळा पुलावर उतरून ओकले.
शाळेत जायचे ओढ्याकाठच्या पाऊलवाटेनं.
द्यायचंच तर तिला द्या.
पण नको, तिलाही मग रुंद कराल.'
त्या कागदावर शिक्का मारायला मी जरा वेळ लावला.

सुनावणीला साहेब नवे, कोकणातले.
स्वभावानं सज्जन. म्हणाले,
'पण बहात्तर हे नाव आहे कुठं? हा तर आकडा झाला.'

चंद्रभागाबाई वाव्हळ खुर्ची देऊनही खालीच बसल्या होत्या.
तिथूनच बोलल्या:
'आकडाच हाय की साहेब.
मस्टरवर मपलं नाव कुठं व्हतं?
मालकाच्या नावापुढं लिवलेलं, व एक.
त्यो व एक म्हंजी मी.
सुकडी खाऊन, मिलो खाऊन फोडली खडी,
पाठीवर लेकरू.
आकडा ऱ्हाऊ द्या. त्यात समदे बसतेत.
मानसाच्या नावात एकच मानूस बसतंय.'

बाहेर ट्रॅक्टर गेला, खिडकीची काच थरथरली.
साहेब म्हणाले, 'नोंद घ्या.'
मी घेतली.
इतिवृत्तात बोली चालत नाही,
म्हणून लिहिलं:
'अर्जदाराने आकड्यास पसंती दर्शविली.'
त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

चौकात नवी पाटी उभी करून ठेवलीय,
पोत्यात गुंडाळून, सुतळीनं बांधून.
कोणाची तरी शेळी रोज येते आणि कोपरा ओढते.
आता 'कै.' एवढं दिसायला लागलंय.

निकालाचा लखोटा काल टपालानं आला.
साहेब सोमवारपर्यंत रजेवर,
फोडायचा अधिकार मला नाही.
मी फक्त आवक नोंदवली, तारीख टाकली,
आणि पाठवलेला पत्ता पुन्हा वाचला.
जिल्ह्याच्या कुठल्या कारकुनानं टाईप केलाय
ठाऊक नाही. सवयीनंच केला असणार:
तहसील कार्यालय,
बहात्तर रोड,
जिंतूर.